आधी घरी कोण आलं

नाही, त्या खुर्चीवर नको बसूस — तिचा पाय डेलमारनं मोडलाय आणि माझ्या नवऱ्यानं, क्लिफर्डनं, चिकटवलाय, म्हणजे ती केव्हाही दगा देणार — इकडे ये, पंख्याखाली. आणि तुला अहो-जाहो करायचं का रे? माझी थोरली तुझ्यापेक्षा मोठी असेल. तूच म्हणते. हां, तर काय विचारत होतास — या दोघांतला मी कोणता घेईन? रॉइसच्या आईला विचारतोयस, हे लक्षात आहे ना? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत आहे, आणि तू माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला विचारतोस की बाब्या घेऊ की कार्टं घेऊ — बरं बाबा, विचार. संघानं विचारायलाच पाठवलंय तुला. चहात बर्फ पुरे ना? या मिलरेसच्या उकाड्याची सवय नसेल तुम्हाला, तुमच्याकडे म्हणे समुद्राचा वारा असतो.

मला सगळं माहीत आहे, असं बघू नकोस. गुरुवारी ड्राफ्ट, बास्केटबॉलचे मोठे संघ नवी पोरं नंबरानं उचलणार. पहिल्या नंबरला तो लिथुआनियाचा ताडमाड पोरगा जाणार, दुसऱ्याला कॅलिफोर्नियाचा तो उड्या मारणारा, हे आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांनासुद्धा पाठ आहे. तिसरा नंबर तुमचा. आणि तिसऱ्यावर तुमचे मोठे साहेब अडलेत — रॉइस व्हिटलो की डेलमार प्रुइट. गंमत बघ, सगळी अमेरिका पालथी घातलीत, विमानं उडवलीत, आणि शेवटी निघाले कुठले, तर एकाच गल्लीतले, एकाच जाळीत चेंडू टाकून मोठे झालेले. ती बघ, खिडकीतून दिसतेय ती, गॅरेजच्या दारावरची. जराशी डावीकडे कललीय ना? क्लिफर्डनं ठोकली. म्हणून आमच्या गल्लीतली सगळी पोरं बाहेरच्या मैदानावर गेली की चेंडू उजवीकडे मारतात — रॉइसला ती खोड घालवायला दोन हिवाळे लागले.

मी धान्याच्या कोठारावर असते, काट्यावर. मक्याचे ट्रक येतात, वजन करायचं, आणि नुसतं वजन नाही, मूठभर मका काढून त्यात ओल किती तेही बघायचं, कारण ओला मका काट्यावर भारी भरतो आणि चार दिवसांत कुजतो. तुमचे लोक मला त्या बाबतीत कच्चे वाटतात हं, राग मानू नकोस. गेल्या आठवड्यात एकजण आला होता, दुसऱ्या संघाचा, नाव नाही सांगत — रॉइसच्या हाताची लांबी विचारली, तळव्याची रुंदी विचारली, आणि मग विचारतो काय, लहानपणी अंथरूण ओलं करायचा का. मी म्हटलं, तुमचे मालक करायचे का ते आधी विचारून या, मग सांगते. गेला बिचारा. तू बरा आहेस, तू निदान ब्रेड खातोस. घे अजून, मक्याचाच आहे, लोणी लाव.

बरं, रॉइसचं सांगते. आई म्हणून नाही, तटस्थपणे — हसतोस काय, मी राहू शकते तटस्थ. सहा फूट चार, पण हात बघशील तर पावणेसात फुटी माणसाचे. नेम — नेमाबद्दल मी काय बोलायचं, तुम्ही बघितलाय. तो चेंडू सोडतो ना, तेव्हा मनगट असं खाली पडतं, झोपेत गेलेल्या बाळाच्या हातासारखं सैल. शाळेत असताना क्लिफर्ड त्याला पडवीत उभा करून म्हणायचा, डोळे मिटून मार बरं. आणि जायचा आत. डोकंही चांगलं, गणितात कधी मागे नाही, मोठ्यांना उलटून बोलणं नाही, दारू नाही. झोप लागत नाही कधीकधी, पण ती कोणाला लागते. आणि स्वभाव शांत — म्हणजे बाहेरून शांत. आतून तो सगळं मोजत असतो. लहानपणी वाढदिवसाला मुलं बोलावली तर हा आधी विचारायचा, त्यातलं कोण आलं नाही तर काय करायचं. पण ते चांगलंच ना? पुढचा विचार करणारा गडी. तुमच्यासारख्यांना तसाच लागतो, चेंडू हातात घेऊन सगळ्यांना खेळवणारा.

आणि डेलमार. आता डेलमारचं काय सांगू — सहा फूट आठ, आणि त्यातलं प्रत्येक इंच माझ्या स्वयंपाकघरावर पोसलेलं. बाप ऑरव्हिल ट्रक चालवतो, लांबचा, आज टेक्सासला तर उद्या कॅनडाच्या हद्दीवर. माणूस देवासारखा, पण घरी नसतो. आणि आई डेलमार पाळण्यात असतानाच गेली. पोरगं शाळेतून सुटलं की रॉइसच्या मागून आत यायचं, दप्तर तिथं टाकायचं आणि मला विचारायचं, मिसेस व्हिटलो, काही उचलायचंय का? म्हणजे काही जड आहे का घरात. मी आपली काहीतरी शोधून काढायची उचलायला, म्हणजे मग त्याला जेवायला बसताना अवघडल्यासारखं व्हायचं नाही. एकदा तर काहीच नव्हतं, तर मी फ्रिज एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे न्यायला लावला. पुढच्या आठवड्यात परत आणायला लावला. त्याला कळत असेल का रे? कळतच असेल. तो मठ्ठ दिसतो, पण नाहीये.

खेळाचं म्हणशील तर नेम भयानक. म्हणजे होता. कोपर बाहेर, ढोपर आत, चेंडू असा निघायचा जसा कोणी खिडकीतून मांजर फेकलंय. पण बाकी सगळं — बोर्डाला लागून परत आलेला चेंडू कुठं पडणार हे त्याला आधी कळतं. दुसऱ्याचा माणूस सुटला की हा तिथं हजर. तो असला की बाकीचे चौघं बरे खेळतात, आणि का खेळतात ते त्यांनाही सांगता येत नाही. कागदावर यातलं काही येत नाही. म्हणून तर तो सातवा-आठवा होता सगळ्यांच्या हिशेबात, मार्चच्या त्या कॉलेजांच्या मोठ्या सामन्यांपर्यंत. मार्चमध्ये त्याचा नेम लागायला लागला आणि सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला.

काय? — हां. आलास शेवटी मुद्द्यावर. मला वाटलंच होतं, हा पोरगा दोन तुकडे ब्रेड खाऊन मग फेब्रुवारी काढणार.

फेब्रुवारीत डेलमार संघ सोडून निघून गेला, खरंय. दोघांच्या कॉलेजच्या संघातून, मोसमाच्या मध्यावर, कोचला न विचारता. घरची आठवण आली म्हणून. अरे एकोणीस वर्षांचं पोर, पहिल्यांदा घर सोडलेलं, बर्फ पडतंय, हॉस्टेलचं जेवण — येते आठवण. त्यात एवढं काय आहे? कोचनं त्याला तीन सामने बसवून ठेवलं, पेपरवाल्यांना सांगितलं शिस्तीचा प्रश्न आहे, आणि तेवढ्यावरून तुम्ही सगळ्यांनी त्याच्या नावापुढे लाल खूण करून ठेवलीत — ऑरव्हिललाही कोणीतरी सांगितलं तसं, त्याचा जीव खालीवर झाला. आणि रॉइस त्याला आणायला घरी आला, समजूत काढली, घेऊन गेला परत. तो लेख वाचला असशील तू, 'मित्राला माघारी आणणारा' असं काहीतरी मथळा होता, फोटो पण छान आलाय रॉइसचा. मी फ्रिजवर लावला होता. त्यानं काढला. मी परत लावला, त्यानं परत काढला. आता ड्रॉवरमध्ये आहे. लाजतो तो, कौतुक सोसत नाही त्याला.

मला तर तो दिवस असा डोळ्यांसमोर आहे. कोठार बंद होतं बर्फामुळे, क्लिफर्ड गेला होता रस्ता साफ करणाऱ्यांबरोबर. दुपार असेल. बाहेर एक गाडी थांबली, इवलीशी, हॉस्टेलमधल्या धोबीघरात एक बाई कामाला आहे तिची मागून आणलेली, हीटर मोडका. आणि तिच्यातून डेलमार उतरला — उतरला म्हणजे काय, घडीची खाट उघडावी तसा एकेक सांधा बाहेर आला. चार तास त्या डबीत बसून. पापण्यांवर पांढरं जमलेलं. आत आला, बूट काढले, आणि मला विचारतो, तो कुठाय? मी म्हटलं, वर न्हाणीघरात, सकाळपासून बाहेर यायला तयार —

काय म्हणालास?

कोण आधी पोचलं? म्हणजे — दोघं बरोबरच. नाही, रॉइस त्याच्या मागून — थांब हं, माझा गोंधळ होतो, किती महिने झाले. रॉइस त्याला आणायला आला ना, तर तो आधी पोचला असणार, म्हणजे बसनं, शॉर्टकटनं — बसला शॉर्टकट नसतो, ठाऊक आहे मला. चहा घे अजून. घे ना.

अशी गप्प बसणारी माणसं मला आवडत नाहीत. क्लिफर्ड असाच बसतो, आणि मग मीच बोलत सुटते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून रॉइसच्या एजंटनं मला बजावून ठेवलंय — भला माणूस आहे, चकचकीत बूट घालतो — म्हणाला, मिसेस व्हिटलो, गुरुवारपर्यंत फक्त हवापाण्यावर बोला. रॉइसला तर स्वतःच सांगायचं होतं सगळ्यांना, एप्रिलपासून मागे लागला होता. एजंट म्हणाला नाही. मी पण म्हटलं नाही. म्हटलं, गुरुवार होऊ दे, मग गावभर सांग.

ते पेन ठेव खाली. ठेव. हां.

रॉइस आधी आला. बसनं. पहाटे हॉस्टेलातून निघाला, कोणाला न सांगता, चेंडू नाही, बॅग नाही. दार उघडलं तर हा उभा. मी म्हटलं काय झालं, तर मला बाजूला सारून वर गेला आणि टबमध्ये जाऊन बसला. पाणी नव्हतं रे टबात. कोरड्या टबात, कोटासकट, बुटांसकट, गुडघे छातीशी घेऊन. मी दारात बसले. हात कोटाच्या बाहीत ओढून घेतलेला, तोच हात, सांगितलं ना मघाशी, मनगटाचा. मग म्हणाला, "आई, मला चेंडू हातात धरवत नाही. धरला की श्वास घेता येत नाही." कितीतरी दिवस चाललं होतं म्हणे. सरावाला जायच्या आधी ओकायचा. सगळे म्हणत होते तिसरा नंबर, तिसरा नंबर, टीव्हीवर याचं नाव, रस्त्यात अनोळखी माणसं पाठीत थापा मारतायत — आणि हा मोजतोय. सांगितलं ना, मोजणारं पोरगं. यातलं काही नाही झालं तर काय करायचं, एवढंच मोजत बसलेला.

मी काय केलं? काही नाही केलं. मला काय सुचणार होतं. मका कुजायला लागला तर काय करायचं ते मला माहीत आहे. सूप गरम केलं, नेऊन ठेवलं, थंड झालं, परत गरम केलं.

मग डेलमार आला. वर गेला आणि न्हाणीघराच्या दारातच जमिनीवर बसकण मारली, पाय एवढे लांब की थेट जिन्यापर्यंत. मला सूप घेऊन त्याच्यावरून ओलांडून जावं लागायचं. रॉइसनं न घेतलेलं सूप प्यायला. ब्रेड खाल्ला. टबातल्या माणसाला विचारलं, तुझा कोट ओला आहे, दे वाळत टाकतो. रॉइसनं कोट दिला. थोड्या वेळानं, बूट दे. रॉइसनं बूट दिले. मी खाली भांडी घासत होते, कान वर. आणि मग डेलमार जिन्यावरून मला विचारतो, मिसेस व्हिटलो, फावडं कुठं ठेवलंय?

गल्लीतला बर्फ काढला त्यानं, जाळीपुढचा, एवढा चौकोन. मी ह्याच खिडकीत. चेंडू काढला गॅरेजमधून, हवा कमी झालेला, दगडासारखा गार. आणि रॉइसला हाक मारली, की तू नको खेळूस, फक्त जाळीखाली उभा राहा आणि चेंडू परत दे, मला बर्फात पळायचा कंटाळा आलाय. रॉइस गेला. क्लिफर्डचे बूट घालून गेला. उभा राहिला खिशात हात घालून. चेंडू आला की पायानं ढकलायचा, हातच लावायचा नाही. आणि डेलमार मारतोय. चुकतोय. मारतोय, चुकतोय. एकदा चेंडू गॅरेजच्या छतावर, एकदा शेजारच्या कुंपणात, एकदा बोर्डाच्या वरून पलीकडे. मी खिडकीत हसावं की रडावं. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय, रॉइसला हसवायला. मग नीट बघितलं — नाही रे, मुद्दाम नव्हता, तो खरंच तसाच मारायचा, शिवाय बोटं गारठलेली.

आणि रॉइसला ते सोसेना. मी बघत होते ना — आधी मान हलवली, मग एक हात खिशातून बाहेर आला. मग म्हणाला, कोपर. डेलमार म्हणाला, काय कोपर? रॉइस म्हणाला, आत घे. डेलमारनं घेतलं, पण उलटंच काहीतरी झालं, आणि चेंडू सरळ माझ्या खिडकीवर येऊन आदळला. तेव्हा रॉइस वैतागला. माझं पोर वैतागलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तरातरा आला, चेंडू उचलला — दोन्ही हातांनी उचलला — आणि म्हणाला, "बघ. मी एकदाच दाखवतो." एकदा कसलं, अंधार पडेपर्यंत दाखवत होता. डेलमारचा नेम मार्चमध्ये लागला ना, कोचचं कौतुक छापलंत सगळ्यांनी? तो नेम ह्या गल्लीत लागला, बर्फात.

पुढचं नको विचारूस. — बरं, विचारलंस तर ऐक, अर्ध्यावर सोडलं तर माझ्याच पोटात दुखेल. रॉइस जेवला आणि सोफ्यावर पडल्या पडल्या झोपला, कितीतरी दिवसांनी. मी कणीक मळत होते. डेलमारनं भिंतीवरचा फोन घेतला आणि कोचला लावला. म्हणाला, "मी निघून आलो, कोच. घरची आठवण आली. रॉइस मला न्यायला आलाय, उद्या दोघं येतो." बस. एवढंच. फोन ठेवला. माझे हात तसेच पिठात. मी म्हटलं, अरे हे काय केलंस? तर मला म्हणतो, कसा अगदी सहज, जसं काही फ्रिज इकडचा तिकडे करायचाय — "रॉइस घाबरतो असं एकदा कोणी लिहिलं की ते पुसलं जाणार नाही, मिसेस व्हिटलो. माझ्याकडे तसंही कोणी बघत नाही."

आणि खरंच होतं ते तेव्हा. तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. फुकट होतं ते त्याला. मग मार्च आला, आणि बघायला लागले सगळे, आणि आता ते फुकट राहिलेलं नाही. रॉइसला कळलं ते कोचनं त्याची पाठ थोपटली तेव्हा. तडक डेलमारच्या खोलीवर गेला, भांडला, दोन दिवस बोलला नाही त्याच्याशी. डेलमार म्हणाला, तू सांगितलंस तर मी नाही म्हणेन, माझ्याशी कोण वाद घालणार, मी केवढा आहे बघ. आणि तो लेख आला. आणि ऑरव्हिलनं ओहायोच्या कुठल्याशा ट्रकतळावरून फोन करून पोराला झापलं — आमच्या घराण्यात काम अर्धवट टाकून कोणी पळत नाही म्हणाला — आणि डेलमारनं ऐकून घेतलं. बापाचं ऐकून घेतलं रे. इथंच उभा होता, ह्या दाराशी, नुसता हो, सर, हो, सर. फोन ठेवला आणि मला विचारलं, काही उचलायचंय का.

रॉइस बरा आहे आता. हे तू लिही, पेन घे, हे लिही. दर मंगळवारी एका डॉक्टरीणबाईंशी बोलतो, अजूनही. मार्चमध्ये शेवटच्या क्षणाला दोन फ्री थ्रो मारले त्यानं, आख्खं मैदान बोंबलत असताना, टीव्हीवर बघितलेस तू. मी नाही बघितले, मी पडवीत गेले होते. त्याला खेळ आवडतो. त्याला भीती वाटते आणि खेळ आवडतो, दोन्ही. तुमच्या त्या समुद्राकाठी तो एकटा असेल, कोणी ओळखीचं नाही, आणि एखाद्या सकाळी चेंडू धरवला नाही तर गाडी मागून घेऊन कोण येणार आहे — हे असलं मी कोठारावर बसून मोजत असते, ट्रक जातात न मोजता. माझ्यावरच गेलाय तो, दिसतंय ना.

झालं. गेला तिसरा नंबर. दोन तुकडे ब्रेड आणि एक पेला चहा यांवर मी माझ्या पोराचा तिसरा नंबर घालवला. एजंट मला फाडून खाईल. आता असं कर, तू हे कोणाला — तू हसतोयस का? ए पोरा, यात हसण्यासारखं काय आहे?

काय?

परत सांग.

परवा? तुमच्या मुलाखतीत? सगळ्या साहेबांसमोर? — स्वतःहून? कोणी विचारलं नव्हतं? कोणी विचारायच्या आधी… आणि एजंट तिथंच बसला होता? बूट बघत होता स्वतःचे? बसू दे.

काय म्हणाला, शब्द सांग. तुला आठवतायत ना, तू होतास ना तिथं. "मी पळालो होतो. तो मला आणायला आला." असं म्हणाला? आणि डेलमारची खूण काढा म्हणाला. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर…

"तर माझ्या आईला विचारा. ती आधी खोटं सांगेल. चहा संपेपर्यंत थांबा."

असं म्हणाला तो. माझ्याबद्दल. मोठमोठ्या लोकांसमोर.

घरी आला परवा, तर मी विचारलं, कशी झाली मुलाखत, तर म्हणाला बरी झाली आणि दोनदा वाढून घेतलं, आणि बाहेर जाऊन डेलमारबरोबर चेंडू खेळत बसला. मला वाटलं, हवापाण्यावर बोलून आला. मी त्याला शाबासकी दिली. म्हटलं, शहाणा गं माझा बाळ, तोंड मिटून राहिलास. आणि त्यानं माझ्याकडे बघितलं नुसतं, आणि बटाटे मागितले.

…

नाही, मी बरी आहे. पंख्याची हवा लागते डोळ्यांना. 

ऊठ आता तू. ऊठ, खरंच, तुझं काम झालंय. मघापासून बोलतं केलंस मला आणि सगळं माहीत असून माझा ब्रेड खाल्लास, लाज नाही वाटली? — उरलेला बांधून देते, विमानात खा. आणि तुमचे साहेब कोणाला घेणार ते मला सांगू नकोस. नको, तोंड उघडू नकोस, मला ऐकायचंच नाही. गुरुवारी टीव्हीपुढे बसेन, ऑरव्हिलला पण बोलावलंय, त्याच्या पोराबद्दल मला त्याच्याशी चार शब्द बोलायचेत. जा. दार लावू नकोस, राहू दे तसंच. दोघं व्यायामशाळेतून येतीलच एवढ्यात, आणि मला त्यातल्या एकाला जरा जवळून बघायचंय.